परागंदा रयत आणि सरकारचा कौल : इंदापूर व बारामती प्रांतातील पुनर्वसाहतीचा विचार

जुन्या मराठी दफ्तरांत 'परागंदा' हा शब्द ज्यास आढळला नाही असा संग्राहक विरळाच. गाव परागंदा झाला, रयत परागंदा होऊन गेली, अशी वाक्ये आपण वाचतो आणि पुढे सरकतो. कारण आपली दृष्टी बहुधा लढाईची तारीख, सरदाराचे नाव किंवा शिक्क्यातील श्लोक शोधीत असते. फारसीत या शब्दाचा अर्थ 'विखुरलेला' असा आहे. आज ज्यांस आपण निर्वासित म्हणतो, तेच हे लोक. त्यांस कोणी आश्रय दिला, कोणत्या शर्तीवर परत बोलाविले आणि ती शर्त पाळली की मोडली, याची चौकशी आपल्याकडे फारशी झालेली नाही. ती करावयाची झाल्यास पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील इंदापूर आणि बारामती या प्रांतांइतका सोयीचा मुलूख दुसरा नाही. येथील रयत वारंवार उठली, आणि तिला पुन्हा बसविण्याचे प्रयत्नही वारंवार झाले. या प्रयत्नांचे यश सरकारच्या औदार्यापेक्षा एका साध्या गोष्टीवर अवलंबून होते, असे माझे मत आहे. ती गोष्ट म्हणजे, दिलेली मुदत स्पष्ट लिहिली होती काय, आणि सरकारने स्वतःचा हात त्या लेखाने बांधून घेतला होता काय.

प्रथम भूमीचा विचार करू. उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा, आणि दोहोंचा संगम नरसिंगपूर येथे. मधला हा मुलूख पर्जन्यछायेतला. नदी असूनही शेत कोरडे, अशी येथील जुनी स्थिती. नीरेपलीकडे फलटणकर निंबाळकरांचे राज्य, आणि पूर्वेस काही मजलांवर निजामाचा मुलूख, ज्यास आपले लोक मोगलाई म्हणत. तेव्हा सारा जड झाला किंवा फौज आली की, रात्रीत बैल जुंपून नदी उतरणे हा येथील कुणब्यास नेहमीचा उपाय होता. सह्याद्रीच्या कुशीतील रयत डोंगरात शिरे. इंदापूरची रयत हद्द ओलांडी. हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सतराव्या शतकाच्या आरंभी पुणे, सुपे, इंदापूर व चाकण हे परगणे भोसल्यांच्या मोकाशाकडे होते. १६३० च्या सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवाने पुणे जाळले, आणि त्याच वेळी १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ पडला. गाढवाचा नांगर फिरविल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे, आणि तिच्या जोडीला सोन्याच्या नांगराची कथाही लोक आवडीने सांगतात. मला त्या दोन्ही कथांपेक्षा जुन्या शकावलीतील एक रुक्ष माहिती अधिक मोलाची वाटते. दादोजी कोंडदेवाने ओसाड जमिनीवर प्रथम वर्षी अगदी हलका सारा घेतला, तो वर्षानुवर्षे थोडा थोडा चढविला, आणि काही वर्षांनी जुन्या दरास आणून पोहोचविला, अशी ती नोंद आहे. यालाच इस्तावा म्हणत. लांडगे मारणाऱ्यांस इनाम दिल्याचेही तेथे लिहिले आहे. माणसे परत आणण्यापूर्वी जनावरांचा बंदोबस्त करावा लागला, यावरून मुलूख किती मोडला होता हे कळते. सोन्याच्या नांगराने शुभारंभ झाला असेल. पण कुणबी परत आला तो पहिल्या वर्षाचा आकडा ऐकून.

ही रीत दादोजीने नवी काढली असे मात्र समजू नये. कौटिल्याचे अर्थशास्त्र म्हैसूर येथील हस्तलिखितावरून शामशास्त्री यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केले, तेव्हा दुसऱ्या अधिकरणाचा आरंभच जनपदनिवेशाने, म्हणजे प्रांत वसविण्याच्या विचाराने, होतो असे विद्वानांस दिसले. पूर्वी वसलेला पण ओसाड झालेला, किंवा कधीच न वसलेला प्रदेश कसा वसवावा, हे तेथे सांगितले आहे. परक्या राज्यातील लोक ओढून आणावे किंवा स्वराज्यातील दाटी तेथे न्यावी. त्यांस धान्य, जनावरे व द्रव्य द्यावे आणि ते त्यांच्या सोयीने परत घ्यावे. करमाफी द्यावी, परंतु कोश वाढेल इतकीच द्यावी. जो जमीन कसणार नाही त्याची काढून दुसऱ्यास द्यावी. करमाफीस तेथे 'परिहार' असा शब्द आहे, आणि ताम्रपट वाचणाऱ्यांस तो परिचयाचा आहे. मराठी कागदांतील कौल, तगाई आणि इस्तावा या तिन्ही संज्ञा परभाषेतून आलेल्या आहेत. 'कौल' म्हणजे अरबीत शब्द किंवा वचन, आणि 'तगाई' म्हणजे बळ देणे. संज्ञा पालटल्या, व्यवहार मात्र फार जुना.

शिवाजी महाराजांच्या वेळचे प्रभावळीच्या सुभेदारास, रामाजी अनंतास, ५ सप्टेंबर १६७६ रोजी लिहिलेले पत्र या दृष्टीने पुन्हा वाचावे. गावोगाव फिरून कुणबी गोळा करावे, ज्याजवळ बैल नाही त्यास बैलास पैका द्यावा, दाणा नाही त्यास दाणा द्यावा, आणि वाढीदिडी न करता केवळ मुद्दल त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू उगवून घ्यावे, असा त्याचा आशय आहे. पत्र कोकणातले, पण धोरण सर्व राज्याचे. यात एक बारीक गोष्ट आहे. सुभेदारास सांगितलेले हे काम दयेचे नसून जमाबंदीचे आहे, आणि म्हणूनच ते टिकणारे आहे. दया हाकिमाच्या मनावर असते. जमाबंदीस हिशेब द्यावा लागतो.

आता कौलनाम्याचे स्वरूप पाहू. शिरोभागी कौल कोणी कोणास दिला ते येते. पाटील, कुळकर्णी व समस्त रयत यांस तो बहुधा एकत्र असतो. पुढे गाव कोणत्या कारणाने पडला ते थोडक्यात, मग मुदत, प्रत्येक वर्षाचा आकार, पुष्कळदा मागील बाकीची सूट, आणि शेवटी अभय. या कागदांत जो प्रश्न वरवर दिसत नाही पण आत सर्वत्र असतो, तो मिरासदार आणि उपरी यांचा. मिरासदार म्हणजे वतनी शेतकरी. तो परागंदा झाला तरी फार वर्षांनी परत येऊन आपली जमीन मागू शके, आणि गाव ते मान्य करी. उपरी हा बाहेरून आलेला. त्यास हलक्या साऱ्यावर जमीन मिळे, पण मुळे नसत. ओसाड पडलेल्या गावी सरकारने उपरी आणून बसविले आणि मग मूळ मिरासदार नदीपलीकडून परतला, तर काय करावे? गतकुळी जमिनीचे वाद, मिराशीचे महजर, गोतसभांचे निवाडे, यांचा मोठा भाग याच प्रश्नातून उपजला आहे. वसाहतीच्या धोरणात नव्यास जागा देणे सोपे असते. जुन्याचा परतण्याचा हक्क राखून नव्यास जागा देणे कठीण. आमच्या गावगाड्याने हे कठीण काम, भांडत का होईना, केले.

बारामती म्हटले की आपणांस मोरोपंत आठवतात. तेही मूळचे येथील नव्हेत. जन्म पन्हाळ्याचा, आणि बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते येथे स्थायिक झाले. विद्वान उपऱ्यास आश्रय देण्याची परंपरा गावाने चांगली चालविली, असे विनोदाने म्हणावयास हरकत नाही. असो.

मोरोपंत १७९४ साली वारले, हे त्यांचे भाग्यच म्हणावे. कारण पुढे आठच वर्षांनी या गावाने जे पाहिले ते त्यांस पाहावे लागले नाही. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांच्या फौजेने बारामतीजवळ पेशव्यांच्या सैन्याचा मोड केला, आणि २५ ऑक्टोबरास हडपसरची लढाई होऊन बाजीराव पुण्यातून निघून गेला. लढाया दोन दिवसांच्या. पण फौजांचा तळ व पेंढाऱ्यांची धाड पिकावर पडली, आणि तिच्या पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. त्यात इंदापूर परगण्याची जी धूळधाण झाली ती पुढील पन्नास वर्षांच्या सरकारी लेखांत पुनःपुन्हा येते. गावेच्या गावे ओस पडली. त्यानंतर पेशवाईच्या अखेरच्या काळात पुन्हा चढत्या साऱ्याचे कौल दिले गेले आणि काही लोक परतले. पण याच काळात मामलती मक्त्याने देण्याची चाल बोकाळली होती. ज्याचा मक्ता वर्षा-दोन वर्षांचा, त्याने पाच-सात वर्षांचा कौल पाळावा तो कोणासाठी? मागच्या मक्तेदाराने दिलेले वचन पुढच्यास जड वाटणारच. कौलाची रीत तीच राहिली; तिच्यामागे उभे राहणारे सरकार मात्र राहिले नाही.

इंग्रजी अंमल १८१८ साली आला. शांतता झाली म्हणून पुष्कळ लोक प्रथम परतलेही. परंतु १८२० नंतर धान्याचे भाव उतरले आणि सारा मात्र रोख रकमेत पूर्वीच्याच तोलाचा राहिला. त्यावर प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याने १८२८ च्या सुमारास पुणे जिल्ह्याची मोजणी आरंभिली. विलायतेतील नव्या अर्थशास्त्राप्रमाणे जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढावे आणि त्यातील शेकडा ५५ सरकारने घ्यावे, असा त्याचा बेत होता. कल्पना शास्त्रीय होती. परंतु निव्वळ उत्पन्न किती, हे ज्यांच्या सांगण्यावरून ठरले त्या खालच्या कामगारांनी लाच खाऊन आकडे लिहिले. शिवाय भाव उतरतच होते. परिणाम काय झाला ते मुंबई सरकारच्याच १८७२-७३ च्या प्रशासन अहवालात आले आहे. वसुलासाठी रयतेचा छळ झाला, पुष्कळ लोक घरेदारे टाकून शेजारच्या संस्थानी मुलखात पळाले, आणि काही तालुक्यांत लागवडीजोग्या जमिनीपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जमीन कसली जाईना. परक्या टीकाकाराने लिहिले असते तर आपण अतिशयोक्ती म्हटली असती. येथे सरकारच आपल्या मागील कारभाराविषयी बोलत आहे.

पळालेल्यांस पलीकडे काय मिळाले, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे, कारण आजच्या निर्वासितांच्या प्रश्नाशी ताडून पाहता येथेच मोठा विरोध दिसतो. १९७५ नंतर व्हिएतनाम सोडून लोक नावांतून निघाले, तेव्हा किनाऱ्यावरच्या शेजारी देशांनी त्यांस तात्पुरता निवारा दिला तो दूरच्या देशांनी त्यांस कायमचे घेऊन जावे या अटीवर. १९७९ च्या जिनिव्हा येथील परिषदेत हीच वाटणी ठरली. आश्रय देणारा एक आणि वसवून घेणारा दुसरा. आपल्याकडेही कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, तेही पाहुणे म्हणूनच; त्यांस येथे नांगर धरावयाचा नव्हता. जुन्या काळी याच्या अगदी उलट होते. जमीन अफाट आणि हात थोडे. त्यामुळे भीमेपलीकडे उतरलेला कुणबी ओझे नसून लाभ होता. त्यास तेथला पाटील बैल देई, कौल देई, मागची बाकी विचारीत नसे. दोन राज्यांमध्ये माणसांसाठी चढाओढ होती, आणि रयतेचे खरे सामर्थ्य तेच होते. जाचक हाकिमाविरुद्ध तिच्याजवळ अर्ज नव्हता, कचेरी नव्हती, नदी होती.

हे इंग्रजांच्या ध्यानात येण्यास १८३५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा इंजिनियर खात्यातील लेफ्टनंट यांनी नव्या मोजणीस आरंभ केला तो इंदापूर तालुक्यात, आणि १८३६ मध्ये तेथे नवा आकार लागू झाला. सर्व मुंबई इलाख्यास पुढे जी पद्धत लागली, तिचे मूळ या एका मोडलेल्या तालुक्यात आहे, हे इंदापूरकरांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल. या दोघांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. शेतास क्रमांक दिला, हद्दीचे दगड रोविले, मातीची प्रत आण्यांत ठरविली, पूर्वी प्रत्यक्ष काय वसूल होत असे ते पाहिले आणि दर पुष्कळ उतरविला. मुख्य म्हणजे तो तीस वर्षांकरिता बांधला. त्या मुदतीत कुणब्याने विहीर काढली, ताल घातली, पीक दुणे केले तरी सारा वाढावयाचा नाही. आणि नको झालेले शेत वेळेवर राजीनामा देऊन सोडता येईल. १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांनी संयुक्त अहवालात याचे नियम लिहून ठेविले.

पडीक जमीन काही वर्षांतच लागवडीस आली. या यशाचे श्रेय इंग्रजी ग्रंथकार शास्त्रशुद्ध मोजणीस देतात. माझे मत थोडे निराळे आहे. मोजणी प्रिंगलनेही केली होती. फरक पडला तो हलक्या दराने आणि मुदतीने. आणि तीस वर्षांची बांधलेली मुदत म्हणजे तरी काय, तर कौलच, फक्त छापील नियमाचा आणि एका मामलेदाराच्या नव्हे तर सबंध सरकारच्या जबाबदारीचा. दादोजीच्या पद्धतीतील अर्धा भाग त्यांनी उचलला आणि भक्कम केला. दुसरा अर्धा, म्हणजे चढ हळूहळू करणे, तो मात्र सुटला.

त्याचे फळ तीस वर्षांनी दिसले. १८६६-६७ मध्ये मुदत संपली, आणि फेरमोजणीचा मान पुन्हा इंदापुरासच प्रथम मिळाला. मधल्या काळात अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा भाव चढला होता, पैसा स्वस्त झाला होता, आणि हीच भरभराट कायमची धरून नवा आकार एकदम वाढविला गेला. भाव लगेच उतरले. इंदापूर आणि बारामती ज्यात मोडे तो भीमथडी तालुका, दोन्ही सावकारी कर्जात बुडाले. या वेळी मात्र रयत नदी उतरली नाही. पडीक जमीन सर्वत्र संपत आली होती, आणि जमीन आता सावकाराकडे लिहून दिलेली होती. पळून जाणारा कायमचा भूमिहीन होणार होता. म्हणून ती जागच्या जागी उठली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा झाला. दंगेखोरांनी माणसे फारशी मारली नाहीत. त्यांनी खतपत्रे आणि हुकूमनामे मागून घेऊन जाळले. आम्हां कागदवेड्यांस ही गोष्ट वाचताना हळहळ वाटते, आणि तिची लाजही वाटली पाहिजे. सरकारने १८७४ सालीच फेरमोजणीच्या वाढीस मर्यादा घालून घेतली होती: तालुक्यास शेकडा ३३, एका गावास ६६, एका खात्यास १००. पुढे या तालुक्यांचा आकारही कमी केला. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा आला, १८८५ पासून पाणी वाहू लागले, आणि बारामती-इंदापूरच्या काही भागाचे रूपच पालटले. तो निराळा विषय आहे.

कालव्याने आणलेल्या पाण्याची दुसरी बाजू शंभर वर्षांनी दिसली. भीमेवर उजनी येथे धरण झाले, १९८० च्या सुमारास जलाशय भरला, आणि इंदापूर, दौंड, करमाळा या तालुक्यांतील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देवालय उन्हाळ्यात पाणी उतरले की वर दिसते आणि लोक ते पाहावयास जातात. १९७६ साली राज्याने पुनर्वसनाचा कायदा केला; ज्यांस धरणाचे पाणी मिळणार त्यांच्या मोठ्या खात्यांतून जमीन घेऊन ती उठलेल्यांस द्यावी, असे त्याचे तत्त्व होते. लाभ घेणाऱ्याने भार उचलावा, हे तत्त्व उत्तम आहे. परंतु मिरासदार आणि उपरी यांचा जुना प्रश्न येथे उलटा झाला: मिरासदारच उपरी होऊन दुसऱ्याच्या गावी आला, आणि त्याचे मूळ शेत परत मागावयास शिल्लक उरले नाही.

याच लोकांपैकी एका कुटुंबाशी माझा संबंध आला, तो सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, माझ्या नोकरीच्या आरंभी, बुडालेल्या गावातून उठून आलेल्या एका घरातील वृद्ध गृहस्थांनी मला बोलावून एक रुमाल पुढे ठेविला. "गुरुजी, तुम्हांस संस्कृत येते म्हणतात. यात काय आहे ते पाहा. आमचे काही सिद्ध होते का?" असे ते म्हणाले. रुमालात एक मुहूर्तविषयक पोथी होती आणि खाली मोडी कागदांचा गठ्ठा. मी पोथीवर झडप घातली. मोडी मला तेव्हा अडखळतच वाचता येई. एकदोन बंद चाळले, एकाच्या शिरोभागी 'कौल' हा शब्द स्पष्ट लागला, पुढे आकड्यांच्या ओळी होत्या. "ही वसुलाची कागदे आहेत, यात विशेष काही नाही, पोथी मात्र जपा," असे मी सांगितले आणि उठलो. दोन वर्षांनी मोडी बरी येऊ लागल्यावर पुन्हा गेलो. पोथी त्यांनी लाल कापडात बांधून देवघरात ठेविली होती. कागद पावसात भिजून गोळा झाले म्हणून टाकून दिले होते. पोथीत छापील प्रतीहून निराळे असे एक अक्षरही निघाले नाही.

या गोष्टीस अनुलक्षून मंडळाच्या सभासदांस विनंती. भीमा-नीरेच्या काठचे दप्तर हाती आल्यास पोथ्या व शिक्क्याच्या सनदा निवडून उरलेले परत करू नये. चढत्या आकड्यांची चार-सहा सालांची ओळ एका गावाच्या नावे दिसली की तो बहुधा इस्ताव्याचा कागद असतो, मग मायना फाटलेला असला तरी चालेल. सुहूर सनात ५९९ मिळविले असता इसवी सन येतो. 'सलास मयातैन व अलफ', म्हणजे १२०३, हे होळकरी धामधुमीचे साल, आणि 'अर्बा मयातैन व अलफ', म्हणजे १२०४, हे दुष्काळाचे. 'अर्बा' आणि 'अर्बैन' यांत गल्लत करू नये. पहिले चार, दुसरे चाळीस. या दोन सालांच्या पुढील दहा वर्षांतील इंदापूर, सुपे किंवा बारामतीकडील कौलनामा ज्यांच्या संग्रही असेल, त्यांनी गावाचे नाव, मुदत आणि प्रत्येक सालचा आकडा, एवढे तरी उतरून मंडळाकडे पाठवावे. मूळ कागद मालकाकडेच राहू द्यावा. त्यास तो वाचून दाखवावा.